फोटोत राहिलेलं कोपर

हळ्ळीखेड (बी)
७ जानेवारी २०२५

चि. प्रेमानंद,

आशीर्वाद. नेहमीपेक्षा थोडे कमी धाडतो आहे. माझ्या उजव्या कोपरावर अन्याय झाला आहे आणि त्याची दाद लागेपर्यंत पूर्ण आशीर्वाद देणं मला शास्त्रसंमत वाटत नाही.

प्रकरण असं. 'मॅटवरची खबर' नावाचं एक पान फोनवर चालतं. कबड्डीच्या बातम्या देतं. त्या पानानं परवा एक फोटो टाकला. त्यात आपला सिद्धलिंग आणि मादन हिप्परग्याच्या संघाचे मॅनेजर रत्नपाल मांडीला मांडी लावून बसले आहेत, आणि फोटोच्या कडेला एक कोपर आहे. तपकिरी स्वेटर, त्यावर तुझ्या आईनं लावलेलं निळं ठिगळ. ते कोपर माझं. बाकीचा मी कापला गेलो. आता बीदरपासून आळंदपर्यंत जो भेटतो तो आधी माझ्या ठिगळाकडे बघतो. कापायचं तर नीट कापावं, ठेवायचं तर तोंडासकट ठेवावं. गुरुजीचा एवढाच तुकडा शिल्लक ठेवणं हे कुठल्या सौंदर्यदृष्टीत बसतं, ते मला कळवावं.

फोटोखालचा मजकूर: "मोठी बातमी! सिद्धलिंग हिप्परग्याच्या वाटेवर? गुप्त बैठकीचा फोटो आमच्या हाती."

गुप्त बैठक! भर दुपारी, उघड्या रानात, निम्मं गाव जेवत असताना, वेळा अमावास्येला, आपल्या येळवसच्या दिवशी! तू होतासच की तिथं. तुझ्या आईनं रस्त्यावरच्या गाडीला हात केला, "ओ अण्णा, तसंच कामून जायलाव? आंबिल पिऊन जावा." गाडीत रत्नपाल निघाले, बीदरकडे सासुरवाडीला चाललेले. येळवसला शिवारातून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय पुढे सोडत नाहीत, हे हैदराबादेत राहून तू विसरला नसशील. त्यांना बसायला सिद्धलिंगशेजारीच जागा होती, कारण उरलेली मी आणि भज्जीच्या पातेल्यानं अडवली होती. त्यांचं बोलणं मी स्वतः ऐकलं. रत्नपाल म्हणाले, "भज्जीत चिंच जरा जास्त झालीया." सिद्धलिंग म्हणाला, "व्हय." बैठक समाप्त.

तुला हे सगळं सांगायचं कारण, खेळाडूंच्या लिलावाच्या आधी प्रत्येक संघाला गावचा एक खेळाडू राखून ठेवता येतो. हळ्ळीखेडचा तो एक म्हणजे सिद्धलिंग, हे इथं कुणी बोलूनही दाखवत नव्हतं, इतकं ठरलेलं होतं. आता लोक बोलून दाखवायला लागलेत, आणि भलतंच. तुम्ही दोघं एका बाकावर बसून माझ्या तासाला झोपत होता, म्हणून कळवतो.

हा फोटो कुणी काढला असेल? तुझी आई म्हणते, त्या दिवशी सगळ्यांच्याच हातात फोन होते. असतील. तू कुणाला काही पाठवलं होतंस का? सहज विचारतो.

फोनवर तू 'हं' म्हणतोस, मग मीही 'हं' म्हणतो. त्यापेक्षा टपालखातं बरं.

— अप्पा

हळ्ळीखेड (बी)
१९ जानेवारी

चि. प्रेमानंद,

आशीर्वाद, मागच्याइतकेच.

पत्र टाकलंय, त्यात फोटोचं विचारलंय, असं आईनं तुला फोनवर सांगितलं होतं. त्यावर तुझा निरोप आला: "पत्र मिळालं अप्पा. मी मजेत आहे. फोटोचं मला काही माहीत नाही." तुझ्या आईनं त्यातलं मधलं वाक्य तेवढं वाचलं आणि ती समाधानानं तुरी पाखडायला बसली.

इकडे मला न्यायाधीश केलं आहे. कबड्डी मंडळ मारुतीच्या कट्ट्यावर जमलं होतं. संघाचे मालक हावगेप्पा, आपले तूरडाळीचे व्यापारी, मधोमध बसून म्हणाले, "सर, तुमी शास्त्र शिकलेलं मानूस. त्या पानावरचं खरं का खोटं, तुमीच सांगा. तुमी सांगताल ते गाव ऐकंल." इतकी वर्षं संस्कृत शिकवलं, पण 'शास्त्र' हा शब्द न हसता उच्चारणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला. मी पाघळलो.

मग ते पान मी पोथीसारखं मांडीवर घेऊन वाचलं. आमच्या न्यायशास्त्रात एखाद्याचा शब्द पुरावा म्हणून धरायचा तर त्याच्यात दोन गोष्टी लागतात. त्याला ती गोष्ट स्वतःला माहीत पाहिजे, आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची त्याची इच्छा पाहिजे. हे पान 'सूत्रांकडून' बोलतं. सूत्रांना नाव नाही, गाव नाही. माझ्या ओळखीची सूत्रं अशी वागत नाहीत, ती थोडक्यात बोलतात आणि कर्त्याच्या नावावर बोलतात. शिवाय प्रत्येक वाक्याच्या टोकाला प्रश्नचिन्ह. म्हणजे खरं ठरलं तर आम्हीच आधी सांगितलं, खोटं ठरलं तर आम्ही विचारलं फक्त. मागच्या हंगामात ह्याच पानानं आपला एक पकडीवाला भालकीला निघाला म्हणून बोंब मारली होती. तो कुठेच गेला नाही. ती बोंब आता पानावर शोधून सापडत नाही. चूक झाली असंही कुठे लिहिलेलं नाही. नुसती जागा सारवून घेतली आहे.

फोटोनंतर पानानं विचारलं, "गद्दार की व्यावसायिक? मत द्या." लोकांनी दिलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली: "चाहत्यांमध्ये संतापाची लाट." म्हणजे स्वतःच चुलीत फुंकर घालायची आणि धूर झाला म्हणून गावभर सांगत फिरायचं. आणि मंडळाची बैठक जेव्हा जेव्हा ठरली, तेव्हा तेव्हा तिच्या आदल्या संध्याकाळीच ह्या पानाला काहीतरी नवं कळलं. ज्याला नुसतं कळवायचं असतं तो आपल्याकडे आधी राग मागत नाही. हे पान आधी राग मागतं, माहितीचं मग बघू म्हणतं.

कट्ट्यावर मी हे सगळं मांडलं. फोटो माझ्या शेतातला आहे, कोपर माझं आहे, पाहुण्यांना हाक माझ्या घरच्यांनी मारली, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "ही बातमी नाही. कुणीतरी गावाला मागून ढकलायलंय."

सिद्धलिंगचे वडील तिप्पण्णा उठले. "माज्या पोरानं येळवसची आंबिल पिली. इख न्हाई पिलं." कुणीतरी हसलं. मागून एक जण ओरडला, "पन सर, फोटो तर खरा हाय की!"

मी म्हणालो, "फोटो खरा आहे. खालचा मजकूर खोटा आहे."

"मंग अर्धं तर खरं हाय!"

ह्याला टाळ्या पडल्या. माझ्या शास्त्राला एक पडली नव्हती.

हावगेप्पांनी हात जोडले. "सर बरुबरच बोलायलेत. पन गावाचं मन म्हनूनबी काई असतंय का न्हाई?" आणि गावाचं मन त्यांनी सदऱ्याच्या खिशातून काढावं तसं काढून दाखवलं. सिद्धलिंगच्या जागी बाहेरचा एक खेळाडू राखून ठेवायचं ठरलं. त्याचं नाव त्यांना आधीच पाठ होतं.

सिद्धलिंग त्या वेळी माझ्या समोर बसला होता. माझ्याकडेच बघत होता. लहानपणी तुझ्या वाटणीच्या छड्या खातानाही तो असाच बसायचा.

— अप्पा

हळ्ळीखेड (बी)
३ फेब्रुवारी

चि. प्रेमानंद,

आशीर्वाद.

परवा मी मादन हिप्परग्याला जाऊन आलो. दोन बस आणि एक टमटम. तुझ्या आईनंच धाडलं. म्हणाली, "त्या मानसाला तर इचारा. खरंच नेनार आसला तर निदान पोराला घर मिळंल."

रत्नपालांनी आधी जेवायला बसवलं, मग ऐकून घेतलं. हसले. "सर, आमच्यात चढाईवाले दोन हायत, तिसरा घेऊन काय करू? आमाला पकडीवाला पायजे. आनि सिद्धलिंगचा गुडघा मागल्या साली मुरगाळलाय, ते साऱ्यास्नी ठावं हाय. मी कामून घेईन त्याला?" मग हात धुता धुता म्हणाले, "माझा फोटो लावून कुनाचं काम झालं, ते बघा की."

बसमध्ये तेवढंच बघत आलो. गुडघा दुखावलेला खेळाडू हावगेप्पांना नको होता. पण गावच्या पोराला त्यांनी उघड सोडलं असतं तर ह्याच गावानं त्यांच्या दुकानासमोर तोंडात शेण घातलं असतं. आता गावानंच पोराला सोडलं. हावगेप्पांना फक्त हात जोडावे लागले. आणि आधी रीतसर चौकशी केली हे दाखवायला मीच त्यांना न्यायाधीश म्हणून मिळालो होतो. काम किती नीट झालंय बघ. मी परीक्षक असतो तर गुण दिले असते.

आता घरचं. सिद्धलिंगची आई बसव्वा हल्ली विहिरीकडं येत नाही. तुझी आई वाटीत लोणचं घेऊन तिच्या दारात गेली. बसव्वा उंबऱ्यातूनच म्हणाली, "अक्का, तुमी त्या मानसाला हाक मारलाव म्हनून तो बसला माझ्या पोराजवळ." रागानं नाही म्हणाली. रागानं म्हणाली असती तर तुझ्या आईनं दोन उलटी उत्तरं दिली असती आणि दोघी संध्याकाळी पुन्हा बोलायला लागल्या असत्या. तुझी आई तशीच परत आली. वाटी चुलीजवळ ठेवली आणि मला म्हणाली, "म्या बोलावलं म्हनून पोराचं वाटुळं झालं व्हय वो? पुढच्या येळवसला म्या कुनालाबी हाक मारनार न्हाई."

तुझी आजी, तिची सासू, ह्यांच्या काळापासून त्या रस्त्यावरनं कुणी न जेवता गेलेलं नाही. म्हणून कळवतो.

तो फोटो ज्यानं कुणी काढला त्यानं तुझ्या आईला एकदा फोन करून सांगावं की, चूक तिच्या हाकेची नव्हती. मी नाव विचारणार नाही. दुसऱ्या खोलीत जाईन.

— अप्पा

हळ्ळीखेड (बी)
२० फेब्रुवारी

प्रेमानंद,

आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. "पत्र वाचलं. तुम्ही ह्यात पडू नका अप्पा. मी बरा आहे." आईला फोन आला नाही. मी चार दिवस उगाच दुसऱ्या खोलीत बसून राहिलो.

हावगेप्पांच्या दुकानी गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. मी विचारलं, "सिद्धलिंगला सोडायचं होतं तर सरळ का सोडलं नाही?"

ते म्हणाले, "सर, तुमी संस्कृतवाले. ह्यो धंदा हाय. मी कुठं खोटं बोललो? मी तर काईच बोललो न्हाई." मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "तुमचा पेमा लई हुशार हाय हो. त्या पानावर कुनाचंबी नाव न घेता काम करतो. कुनाला शिवी न्हाई, कुनावर आरोप न्हाई. भाषा बघा त्याची! शेवटी पोरगं कुनाचं?"

त्यांना वाटलं, मला ठाऊक आहे. त्यांना खरोखर माझं कौतुक करायचं होतं. मी चहा संपवला. हावगेप्पांकडचं सगळं गोडच असतं.

तिथून सिद्धलिंगकडं गेलो. तो अंगणात पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होता. उठायला लागला, मी बसवलं. कसं सांगावं ह्याची जुळवाजुळव करत होतो, तर तोच म्हणाला, "सर, तुमी कामून तोंड पाडलाव? मला पयल्याच दिवशी कळालंय."

"काय कळलंय?"

"फोटोत वरच्या अंगाला कडब्याची काडी आडवी आलीया. म्हंजे खोपीच्या आतून काढलाय. खोपीत पेमाच निजला व्हता की, डोकं दुखायलंय म्हनून."

"मग कट्ट्यावर का बोलला नाहीस?"

"तुमी समोर बसला व्हताव."

मी उठून आलो. चप्पल त्याच्या अंगणात राहिली, ती त्यानं संध्याकाळी आणून दिली.

ती काडी मीही पहिल्याच दिवशी पाहिली होती, प्रेमानंद. येळवसच्या पूजेसाठी रानात ती कडब्याची खोप मीच बांधली होती, पेंढ्या कशा उभ्या केल्या ते मला माहीत आहे. कोपराबद्दल लिहिणं सोपं होतं, म्हणून कोपराबद्दल लिहिलं.

तू पोटासाठी फोनवर लोकांना मजकूर लिहून देतोस, ह्यावरून आपलं वाजलं होतं. तेव्हा तू म्हणालास, "तुम्ही मेलेली भाषा शिकवता, मी जिवंत लोकांशी बोलतो." वाक्य चांगलं होतं. मी वर्गात दोनदा वापरलं. पण ह्या जिवंत लोकांतला एक तुझ्या शेजारी बसून वाढलेला होता, त्याचा गुडघा कधी मुरगाळला हे तुला ठाऊक होतं, आणि त्याच्या पुढ्यात वाढलेलं ताट तुझ्या आईचं होतं.

शब्द खरा धरायला लागणाऱ्या दोन गोष्टी मी तुला कळवल्या होत्या. पहिली तुझ्यात पुरेपूर आहे. तुला सगळं माहीत होतं, भज्जीत चिंच जास्त होती हेसुद्धा. दुसरीबद्दल आज लिहीत नाही. 

— अप्पा

हळ्ळीखेड (बी)
१७ मार्च

चि. प्रेमानंद,

पूर्ण आशीर्वाद. कापून ठेवलेले सगळे परत.

लिलाव झाला. सिद्धलिंगचं नाव पुकारलं तेव्हा सगळे संघवाले आपापल्या फोनमध्ये बघत बसले. जो गावाशी टिकला नाही तो आपल्याशी काय टिकणार, असं म्हणतात. रत्नपालांनी तेवढी मान वर केली होती म्हणे. पुन्हा खाली घातली.

मग सिद्धलिंगनं हैदराबादेत पार्सलच्या गोदामात काम धरलं. निघायच्या आधी माझ्याकडं आला. "सर, पेमाचा पत्ता द्या."

मी विचारलं, "भांडायला?"

"न्हाई वो. त्या एवढ्या मोठ्या गावात माझ्या वळखीचं दुसरं कोन हाय?"

मी दिला. पाकिटावर लिहितो तोच. तुझ्या आईनं त्याच्या पिशवीत तुझ्यासाठी शेंगाची चटणी घातली आणि त्याच्यासाठीही घातली. दोन्ही पुड्या सारख्याच होत्या, मी बघितल्या.

काल रविवारी त्याचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज. "सर, पेमा हितं न्हाई. दिवाळीच्या आधीच खोली सोडलीया म्हनं. कुठं गेला ते मालकाला ठावं न्हाई." मग म्हणाला, "तुमची पत्रं जिन्याखाली खोक्यात पडल्यात. समदी. येकबी फोडलेलं न्हाई." आणि शेवटी, "काकूंना सांगू नका."

म्हणजे ज्याला उद्देशून मी गेले दोन महिने एवढा कडू होत होतो, त्यानं एक ओळ वाचलेली नाही. माझा कोपराचा विनोदही वाया गेला. तो बरा होता.

"पत्र मिळालं," तू म्हणालास. "पत्र वाचलं," म्हणालास. कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणालास.

येळवसला तू आलास तेव्हाही ती खोली सुटलेली होती. आईनं विचारलं, "खोलीवर पानी येतंय का नीट?" आणि तू म्हणालास, "येतंय की." शांतपणे म्हणालास, भाकरी मोडता मोडता.

काल रात्रीपासून मी तुझे निरोप फोनवर वर-खाली करतो आहे. सवय लागली आहे ना आता. मजेत आहे, बरा आहे, काळजी करू नका. त्यांत जागेचं नाव नाही, माणसाचं नाव नाही, पुढंमागं खोटं ठरेल असं काहीच नाही. आधी आम्ही निश्चिंत व्हावं एवढी मागणी आहे, माहितीचं मग बघू. तुझं ते पान मी ओळखलं तसेच हे निरोप ओळखायला मला जमायला हवं होतं. त्या पानावर मी संशय घेतला, कारण ते पान माझं कुणी नव्हतं.

आणि येळवसला तू खोपीत जाऊन पडलास, डोकं दुखतंय म्हणालास. एवढे दिवस मी धरून चाललो होतो की, ते फोटोसाठीचं निमित्त होतं. आता वाटतं, खरंच दुखत असेल तर? मी उठून बघायला आलो नव्हतो. भज्जी वाढून घेत होतो.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून ह्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर धाडतो. मला अजून ते नीट जमत नाही. कडेला कोपर येईल. येऊ दे.

सिद्धलिंग दर रविवारी तुला शोधतो म्हणाला. त्याच्याजवळ चटणीची पुडी आहे, लवकर सापडलास तर खराब व्हायची नाही. आईला मी काही सांगितलेलं नाही.

हावगेप्पांचं काय व्हायचं ते होवो. गावाचंही. त्या पानाबद्दल मला आता तुला काही विचारायचं नाही. तू कुठं राहतोस, कुणाजवळ जेवतोस, डोकं अजून दुखतं का, हे मला ठाऊक नाही. आणि उद्या तू कळवलंस, तरी ते खरं आहे का खोटं, हे मला ओळखता येणार नाही. मला काळजी ह्याची वाटते, पेमा. दुसऱ्या कशाचीच नाही.

— अप्पा